चौदा नंबरची तार

बुधवार, १२ नोव्हेंबर

शनिवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतोय. त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या गावात शहाणा माणूस नवीन काही हाती घेत नाही. कोणी दात काढून घेत नाही, घटस्फोटाचे कागद पुढे सरकवत नाही, आणि रुग्णालयाच्या सर्व्हरला तर बोटसुद्धा लावत नाही. कारण काही बिघडलं तर ते दुरुस्त करणारे सगळे जंगलातल्या आपापल्या कॅम्पवर असतात, फोन न लागणाऱ्या जागी. आमच्या संगणक विभागात हा नियम विभागप्रमुख वाइनोनेच घातला. आज त्यानेच तो मोडला.

"ती अपडेट्स आजच उरकून टाक पोरी," तो म्हणाला. "महिनाभर लोंबकळतायत. त्याशिवाय मला कॅम्पवर झोप लागायची नाही."

"हंगामाच्या आठवड्यात? नियम कोणाचा आहे?"

"माझा. म्हणून तर मी मोडू शकतो."

यावर काय बोलणार? रुग्णालयाच्या भांडारात मी बँडेजची खोकी रचत होते, तिथून उचलून या माणसाने मला तळघरात आणलं आणि सगळं शिकवलं. एकोणीस वर्षं आम्ही दोघं त्या तळघरात आहोत. जानेवारीत तो निवृत्त होतोय आणि विभागप्रमुखाची खुर्ची मला मिळणार आहे. कॉरिनने, म्हणजे आमच्या प्रशासकबाईंनी, तसा शब्द दिलाय. चोवीस तारखेच्या बैठकीत शिक्का बसला की झालं.

संध्याकाळी बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाल्यावर अपडेट्स टाकली. एकेक सर्व्हर बंद होऊन परत उठला. एक्स-रे आणि स्कॅनचे फोटो सांभाळणारा आमचा थोरला सर्व्हर जरा कुरकुरला, पण उठला. त्याच्या पाठीवर थाप मारून घरी आले, फ्रीझरमधली पेस्टी, म्हणजे मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, गरम केली आणि लवकर झोपले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

थाप मारायची घाई झाली.

सकाळी एक्स-रेवाला आर्लो खाली आला. "मार्लिस, काल काय केलंस? एका छातीचा फोटो उघडेपर्यंत मी कॉफी केली, प्यायलो आणि कप धुऊन ठेवला."

"ही तक्रार समजू की कौतुक?"

"कप स्वच्छ आहे, म्हणून अर्धं कौतुक समज."

फोटोंचा सर्व्हर गोगलगायीसारखा चाललाय. वाइनो निघायच्या तयारीत होता, शिकाऱ्यांची केशरी टोपी डोक्यावर, ट्रकमध्ये सामान भरलेलं. तरी तो माझ्या खुर्चीत बसला आणि सर्व्हरच्या सेटिंग उघडून बघू लागला. बघता बघता गप्प झाला. त्याचे कान लाल झाले. विचार करताना त्याचे कान लाल होतात, हे मला माहीत आहे. माझ्या काळजीने बिचारा अस्वस्थ झाला असणार.

मग एकदम हसला आणि उठला. "अपडेटचाच घोळ आहे. कंपनीला फोन लाव, चांगलं झाप त्यांना. स्विच मी बघितलाय, तिकडे काही नाही. तिकडे हात लावू नकोस हं. एक तार चुकली तर अख्खं रुग्णालय आंधळं होईल."

स्विच म्हणजे तळघरातली ती जुनी पेटी, जिच्यात इमारतीतल्या सगळ्या तारा येऊन मिळतात. तिचं प्रत्येक छिद्र वाइनोने स्वतःच्या हाताने लावलंय. त्याने ती आज कधी बघितली कोण जाणे, मी तर सकाळपासून तिथेच होते. पण त्याचे डोळे माझ्याहून तेज आहेत.

दारातून वळून त्याने विचारलं, "कॉरिन माझ्या जागेबद्दल काही बोलली का? म्हणजे, कोणाला घाई वगैरे?"

"नाही बाबा. जा, हरणं मार."

त्याला ही जागा सोडवत नाहीये. मला कळतं ते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हंगामाचा पहिला दिवस. रस्त्यावर कुत्रं नाही. मी मात्र अपडेट विकणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर. त्याने मला सर्व्हर बंद करून चालू करायला सांगितलं. मी केलं. त्याने परत सांगितलं. मी परत केलं. मग म्हणतो, "बाई, अशी तक्रार दुसऱ्या कोणाचीच नाही." म्हणजे खोटारडी मी!

चिडून मी ती अपडेट्स काढूनच टाकली. तरी फरक शून्य. हे म्हणजे चोर घरातून निघून गेला आणि वस्तू मात्र परत आली नाही. छोटा निरोप पाठवला तर सर्व्हर लगेच उत्तर देतो, अगदी शहाण्या मुलासारखा. मोठा फोटो दिला की घशात अडकतो. ज्या यंत्राची इतकी वर्षं चाकरी केली त्याने असं वागावं, याचा मला रागच आलाय. यंत्रावर रागावणं मूर्खपणाचं आहे हे माहीत असूनसुद्धा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

एल्मा नीमी चर्चच्या पायऱ्यांवर घसरली. ऐंशीच्या पुढची बाई, डोक्याला मार. तिचा स्कॅन मोठ्या शहरातल्या डॉक्टरला दाखवायचा होता, आणि तो इथून निघेचना. ती स्कॅनच्या टेबलावर पडून, तिची बहीण लायली बाहेर बाकावर, आणि मी वर-खाली धावतेय. शेवटी फोटोची वाट न बघता तिला रुग्णवाहिकेत घालून बर्फातून पाठवलं. डॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या अपडेटने आज कोणाचा जीव गेला तर तो अपडेट करून परत आणाल का?"

घरी येऊन रडले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एल्मा परत आली! नुसतं टेंगूळ. रुग्णवाहिकेतल्या पोराला तिने वाटभर गाडी कशी चालवावी ते शिकवलं म्हणे.

दुपारी वाइनोचा फोन. गॅसची टाकी भरायला गावाच्या कडेला आला होता. "सापडलं का?"

"नाही."

"बरं, बरं," तो म्हणाला. इतक्या शांतपणे म्हणाला की माझाही जीव थोडा शांत झाला. मी त्याला एल्माचं सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला.

"ती ठीक आहे ना पण?"

"आहे."

"मग झालं. मी आलो की बघतो. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"तासाभरासाठी ये ना वाइनो. फक्त एकदा बघून जा."

"हरणं वाट बघत नाहीत पोरी."

दरवर्षी तो जे हरीण मारतो त्यातलं अर्धं माझ्या फ्रीझरमध्ये येतं. म्हटलं, जाऊ दे, वर्षातून एकदाच तर जातो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कोणीतरी माझ्या पाठीत सुरा खुपसलाय.

कॉरिनने बोलावलं. दार लावून घेतलं, तेव्हाच मी समजले. ती म्हणाली, "तुझं काम जवळून बघणाऱ्या एका माणसाने मला सांगितलंय, की तुला नको म्हटलेलं असताना तू स्वतःच्या डोक्याने हंगामाच्या आठवड्यात अपडेट्स टाकलीस. तू अजून विभाग सांभाळायला तयार नाहीस, असं त्याचं मत आहे. मला ते नाकारता येत नाही, मार्लिस. रोज डॉक्टर माझ्या दारात असतात. मी वाइनोला आणखी एक वर्ष थांबायला सांगणार आहे."

"पण वाइनोनेच मला टाकायला सांगितली होती!"

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "वाइनोला यात ओढू नकोस. तो इथे नाहीये," ती म्हणाली.

खरंय, तिला कसं पटणार? नियम त्याचाच. तो आला की स्वतःच्या तोंडाने सांगेल, तेव्हा हिचं तोंड बघायचंय मला.

आणि तो सांगणारा कोण, हे मला ठाऊक आहे. आर्लो. काल तिच्या खोलीतून बाहेर पडताना दिसला. मला बघून इतका गोड हसला की मीही हसले. रोज खाली येऊन विनोद करायचे, आणि वर जाऊन आग लावायची! याच्या लग्नात मी केक केला होता, तीन मजल्यांचा.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आर्लो वेलदोड्याचा पाव घेऊन खाली आला. त्याच्या आईने केलेला, माझ्या आवडीचा. वास सगळ्या तळघरात पसरला.

"घेऊन जा," मी म्हटलं.

"अगं, गरम आहे अजून."

"मग चुलीत घाल."

"मी काय केलं?"

"तुला चांगलं माहीत आहे."

तो पाव घेऊन परत वर गेला. मला वाटलं होतं बरं वाटेल. वाटलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

सापडलं! सापडलं, सापडलं, सापडलं.

आणि तेही एल्मा नीमीमुळे. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. मी एल्मा आणि लायलीच्या समोर बसले होते. एल्माला ऐकू कमी येतं, त्यामुळे ती समोरचा बोलतोय की नाही हे न बघता सलग बोलत राहते. लायली जुन्या वळणाची. दुसरा थांबल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. ती बिचारी वाट बघते, एल्मा श्वास घेते, लायली सुरुवात करते, "अगं मी काय म्हणत..." की एल्मा परत सुरू. लायली गप्प. परत पहिल्यापासून. "हो" आणि "नाही" तेवढं मध्ये घुसतं. लांबलचक काही सांगायचं असलं की संपलंच.

छोटं जातं, मोठं अडकतं.

माझ्या हातातली कॉफी टेबलावर सांडली. "मार्लिसला काय झालं?" एल्मा ओरडली. "ती पण डोक्यावर पडली का?" मी तशीच, चर्चचे बूट घालून, बर्फातून रुग्णालयात.

वाइनोची एक जुनी सवय आहे. तारेच्या दोन टोकांवरच्या यंत्रांनी आपसात बोलून आपला वेग आणि रीत ठरवायची असते. त्याला ऑटो म्हणतात. जगात सगळे ते ऑटोवर सोडतात. वाइनो सोडत नाही. "यंत्रांवर विश्वास ठेवू नये पोरी, दोन्ही टोकं आपण बांधावीत," हे त्याचं पहिल्या दिवसाचं वाक्य. म्हणून त्याने सर्व्हरचं टोकही हाताने बांधलेलं आणि स्विचचंही. दोन्हीकडे सांगून ठेवलेलं: दोघांनी एकाच वेळी बोला, दोघांनी एकाच वेळी ऐका. माझ्या अपडेटने सर्व्हरचं टोक परत ऑटोवर टाकलं. अपडेट काढलं तरी ते तसंच राहिलं. आता सर्व्हर विचारतोय, कसं बोलू या? स्विच बांधलेला, तो उत्तरच देत नाही. मग सर्व्हरने सभ्यपणे धरून चाललं की एका वेळी एकानेच बोलायचं. तो लायली झाला आणि स्विच एल्मा.

पण स्विचला हात लावायचा नाही असं वाइनोने बजावलं होतं. मी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले. त्याच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. मग एल्मा त्या टेबलावर कशी पडली होती ते आठवलं, आणि उघडलं. चौदा नंबरची तार. अगदी तसंच. बांधलेली. मी तिला ऑटोवर सोडलं, एका ओळीचं काम, आणि एक मोठा स्कॅन मागवला. डोळा लवायच्या आत समोर!

एकटीच टाळ्या वाजवल्या.

वाइनो विसरला असणार, की ते टोक त्याने बांधलं होतं. वय झालं, शिवाय डोक्यात हरणं. उद्या तो कॅम्पवरून परत येतोय आणि दहाला बैठक आहे. मी कोणाला सांगणार नाही की मूळ त्याच्या सवयीत होतं. कॉरिनला एवढंच सांगेन की अपडेटनंतर एक सेटिंग हललं होतं, ते बसवलं. त्याची शेवटची दोन महिन्यांची नोकरी, त्यात त्याच्या नावाला डाग कशाला? त्याला एकट्याला सांगेन. पोट धरून हसेल म्हातारा, विशेषतः एल्माच्या भागाला.

सोमवार, २४ नोव्हेंबर

मी क्रमाने लिहिणार आहे, नाहीतर लिहू शकणार नाही.

सकाळी मी दोन कप कॉफी घेऊन तळघराच्या दारात त्याची वाट बघत होते. तो आला, दाढी वाढलेली, अंगाला धुराचा वास, तीच केशरी टोपी. पण एकटा नव्हता. मागे कॉरिन आणि नियामक मंडळाचे दोन जण. ट्रकमधून उतरून तो आधी वर गेला होता, आणि त्यांना घेऊनच खाली आला होता.

मी तोंड उघडलं, तर त्याने डोळा मारला. "बाजूला हो पोरी. म्हाताऱ्याला बघू दे."

माझ्या मनात आलं, बघू दे. शोधू दे थोडा वेळ, मग सांगू. मजा येईल. मी कॉफी धरून भिंतीशी उभी राहिले.

तो बसला. त्याने मला विचारलं नाही की तू काय काय करून बघितलंस. सर्व्हर उघडला नाही. कंपनी काय म्हणाली ते विचारलं नाही. खांद्यावरून कॉरिनला म्हणाला, "पाच मिनिटं द्या. अशा गोष्टीला नुसती अपडेट्स टाकता येऊन भागत नाही, घर माहीत असावं लागतं." आणि त्याने सरळ स्विच उघडला, आणि सरळ चौदा नंबर.

त्या पेटीत अठ्ठेचाळीस तारा आहेत.

समोर ऑटो असं लिहिलेलं होतं. त्याची बोटं थांबली. कान लाल झाले, टोपीच्या कडेपर्यंत.

"काय झालं?" कॉरिनने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "झालेलं दिसतंय."

"काल मी केलं," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "वाइनो, चौदा नंबर तुला कोणी सांगितला?"

"अंदाज."

"मी कोणालाच सांगितलं नाही. मलाही काल दुपारपर्यंत माहीत नव्हतं. तू कुठेच शोधलं नाहीस. आलास आणि हात घातलास."

कॉरिनला तारांमधलं काही कळत नाही, पण माणसांमधलं कळतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो कीबोर्डकडे.

"एल्मा त्या टेबलावर होती," मी म्हटलं. "मी तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालास, मग झालं."

कॉरिन मंडळाच्या माणसांना म्हणाली, "आपण वर जाऊ या." ते गेले. आम्ही दोघंच उरलो, जसे एकोणीस वर्षं होतो.

"गुरुवारीच दिसलं मला," तो म्हणाला, टोपी हातात घेऊन. "निघता निघता. सांगणारच होतो. मग वाटलं, परत येऊन करू. शेवटचं एकदा सगळ्यांनी म्हणावं, वाइनो नसता तर काय झालं असतं. जानेवारीनंतर मी कोण आहे गं? हरणांचा हंगाम दोन आठवड्यांचा असतो. बाकीच्या वर्षात मी काय करायचं?"

"आणि कॉरिनला माझ्याबद्दल कोणी सांगितलं?"

त्याने टोपी फिरवली. एकदा, दोनदा.

"नको म्हटलं असताना मी अपडेट्स टाकली, असं त्या मंगळवारी तिलाही फोन करून सांगितलंस. तू."

"एकच वर्ष मागत होतो, पोरी. तुझं काय, तू तरुण आहेस. तुला पुढच्या वर्षी मिळालीच असती."

"मला पोरी म्हणू नकोस," मी म्हटलं. हातातल्या दोन्ही कॉफी थंड झाल्या होत्या, त्या मी बेसिनमध्ये ओतल्या.

बैठकीत खुर्ची मला मिळाली. कॉरिनने हात हातात घेऊन माफी मागितली. मला काहीही वाटलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगचा सण. सकाळी भोपळ्याचं गोड सारण भरलेला पाय घेऊन आर्लोकडे गेले. दारातच सांगून टाकलं की मी गाढव आहे.

"ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "कारण तेवढं कळलं नव्हतं."

त्या दिवशी तो कॉरिनकडे रजा मागायला गेला होता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. आनंद लपत नव्हता, म्हणून तसा हसत बाहेर आला होता. आणि मी त्याला काय समजले! त्याने मला आत ओढलं, बसवलं, जेवायला वाढलं. "तो पाव मीच खाल्ला," तो म्हणाला. "चुलीत कुठून घालू, आमच्याकडे गॅस आहे." मी हसले. हसता हसता रडू आलं, तेव्हा त्याच्या बायकोने न विचारता माझ्या हातात रुमाल दिला.

घरी आले तर पायरीवर पुडकं. पांढऱ्या कागदात गुंडाळलेलं, दोरीने बांधलेलं, वर त्याच्या अक्षरात माझं नाव. हरणाचं अर्धं मांस, दरवर्षीसारखं. बर्फात त्याच्या बुटांच्या खुणा आलेल्या आणि गेलेल्या. दार वाजवलं की नाही, कोण जाणे.

मला सगळ्यात जास्त काय लागलंय ते आज कळलं. खुर्ची नाही, कॉरिनची ती नजरही नाही. त्या गुरुवारी तो एवढं जरी म्हणाला असता, की हे मला करू दे, मला एकदा शेवटचं मोठं होऊ दे, तर मी हो म्हटलं असतं. आजाऱ्यांचे फोटो अडू नयेत म्हणून ती तार गुपचूप सोडवली असती, एखादा निरुपद्रवी बिघाड त्याच्यासाठी बाजूला ठेवला असता, आणि सगळ्यांसमोर त्याने तो शोधल्यावर मीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या असत्या. पुढच्या वर्षीपर्यंत थांबलेही असते. त्याने विचारलंच नाही. एकोणीस वर्षं मला वाटत होतं की आम्ही दोघं बोलतोय.

पुडकं अजून पायरीवरच आहे. बाहेर इतकी थंडी आहे की ते खराब होणार नाही. मी आत घेतलेलं नाही.